दुसऱ्या घराची किल्ली

सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल आणि श्रीफळ मिळते. दुसऱ्या दिवसापासून सल्ले मिळू लागतात. त्यांतला सर्वांत आग्रही सल्ला असतो, 'आलेल्या पैशात एक फ्लॅट घेऊन टाका. भाडं येत राहील, ती दुसरी पेन्शनच समजा.' सल्ला देणारा बहुधा घरातला जावई नाहीतर मेहुणा असतो, आणि त्याच्या ओळखीत एखादा बिल्डर असतोच. आपल्या मध्यमवर्गाची विटेवर फार श्रद्धा. शेअर बुडतो, पतपेढी बुडते, सोने चोरीला जाते. वीट मात्र जागची हलत नाही, असे आपण धरून चालतो.

मी बत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली बरीचशी कर्ज विभागात. कादंबऱ्या लिहिते म्हणून लोक मला कल्पनेच्या राज्यातली समजतात. पण टेबलाच्या त्या बाजूला बसून मी जितकी घरे कागदावर पाहिली, तितकी कुठल्या वास्तुविशारदानेही पाहिली नसतील. म्हणून हा विषय थोडा हिशेबाने मांडते. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद घरातल्या आकडेवाल्या माणसाला वाचायला द्यावेत, पण वगळू नयेत.

धरून चाला, पुण्याच्या उपनगरात ८० लाखांचा, राहायला तयार असा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार. (बांधकाम चालू असलेल्या घरावर आणखी ५ टक्के जीएसटी, तो येथे धरलेला नाही.) भाडेकरू यायचा तर पंखे, गीझर, खिडक्यांना जाळ्या, स्वयंपाकघरात ट्रॉल्या हव्यात, तीन लाख सहज जातात. झाले जवळजवळ ८९ लाख. आता भाडे २२ हजार धरू. वर्षात एखादा महिना घर रिकामे राहतेच, तेव्हा अकरा महिन्यांचे २ लाख ४२ हजार. त्यातून सोसायटीची देखभाल महिना तीन हजारांप्रमाणे ३६ हजार, महापालिकेचा कर १२ हजार, एजंटाची दलाली आणि गळका नळ, बंद पडलेला गीझर मिळून २० हजार. हातात उरले १ लाख ७४ हजार. ८९ लाखांवर हे दोन टक्केही भरत नाहीत. यावर प्राप्तिकर आहे, तो वेगळा.

याच्या शेजारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना ठेवा. २०२३ पासून तिच्यात एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि व्याज आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ३० लाखांवर वर्षाला साधारण अडीच लाख. ८९ लाखांच्या घरापेक्षा पोस्टातले ३० लाख अधिक देतात आणि गळत नाहीत. 'पण घराची किंमत वाढते ना!' हे उत्तर मी हजारदा ऐकले आहे. वाढते. पण कधी वाढेल हे आपल्या हातात नसते. २०१४ ते २०२० या काळात पुण्या-मुंबईच्या अनेक उपनगरांत भाव जागचे हलले नव्हते. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता हलत होता. ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता ४३ हजारांवर जातो आणि परतफेड एक कोटी चार लाखांच्या घरात. भाडे २२ हजार, हप्ता ४३ हजार. हे 'भाड्यातून हप्ता फिटतो' म्हणणारे शाळेत वजाबाकीच्या तासाला कुठे जात असत, कोण जाणे.

मग घर घेऊच नये का? तसे मी म्हणत नाही. घराची एक बाजू पोस्टाजवळ नाही: मुदत ठेवीचे व्याज वीस वर्षे महागाईच्या मागे धापा टाकते, भाडे दरवर्षी चार-पाच टक्क्यांनी वाढत जाते. पंचाहत्तरीत पोहोचलेल्या माणसाला ही वाढ उपयोगी पडते. शिवाय उद्या मुलगी परत आली, सून-मुलगा वेगळे झाले, आजारपणात मोठी रक्कम लागली, तर चार भिंती असतात. पण त्यासाठी साठीनंतर कर्ज काढू नये. आणि जवळच्या पैशाचा मोठा हिस्सा घरात अडकवू नये, कारण बाथरूम विकून रुग्णालयाचे बिल भरता येत नाही. विकायचे तर अख्खे घर विकावे लागते, आणि घाईत विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून गिऱ्हाईक भाव पाडते.

आणखी एक. आपल्याला राहायला आवडेल असे घर भाड्यासाठी घेऊ नये. टेकडीचे दृश्य, कारंजे, पोहण्याचा तलाव यांचे पैसे खरेदीत द्यावे लागतात. भाडेकरू त्यांचे देत नाही. त्याला कचेरी, रुग्णालय, महाविद्यालय, रेल्वे स्थानक, मुलांची शाळा जवळ हवी असते. लहान घर लवकर लागते. आणि तुमच्या राहत्या घरापासून अर्ध्या तासावर असावे. नागपूरला राहून पनवेलच्या नळाची काळजी करणे हा छंद महाग पडतो.

आता भाडेकरूकडे येते. आपल्याकडे मालक आणि भाडेकरू हे नाते सासू-सुनेच्या नात्याइतकेच बदनाम आहे, आणि त्याला इतिहास आहे. माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. दोन खोल्यांचे भाडे अठरा रुपये. मालकांचा मेहता महिन्याच्या पाच तारखेला पावतीपुस्तक घेऊन यायचा. आई त्याला पाणी द्यायची आणि जिन्याची मोडकी पायरी दाखवायची. तो 'शेटना सांगतो' म्हणून पुढच्या दारी जायचा. ती पायरी मी शाळा सोडेपर्यंत तशीच होती. मालक म्हणजे दुष्ट मनुष्य, हे आम्हा मुलांचे मत त्या पायरीवर तयार झाले. पुढे बँकेत ताळेबंद वाचायला शिकल्यावर सहज हिशेब केला: वीस बिऱ्हाडांचे मिळून महिना ३६० रुपये. त्यात सुतार, गवंडी, महापालिकेचा कर आणि मेहत्याचा पगार. पायरी दुरुस्त होणार कशी?

महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडी भडकली, म्हणून सरकारने ती बांधून टाकली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने मुख्यत: १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले. गरिबाला रस्त्यावर येऊ न देणारा तो कायदा त्या काळी आवश्यकच होता, आमच्यासारखी हजारो कुटुंबे त्याच्या आधाराने उभी राहिली. पण युद्ध संपले, रुपया घसरला, भाडे तेवढेच राहिले. मग मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'ची पळवाट काढली. १९७३ मध्ये ती पळवाटही बुजली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्यावर राहत होते त्यांना संरक्षित भाडेकरू मानले गेले. वर्षभरासाठी म्हणून दिलेले घर कायमचे गेले, अशा कथा घरोघरी झाल्या. लोकांनी घरे कुलूपबंद ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला.

म्हणजे कायदा बदलून पाव शतक उलटले. भीती मात्र १९७३ चीच आहे. 'अकरा महिन्यांच्या वर द्यायचं नाही हं, नाहीतर घर जातं,' असे अजूनही सांगतात. आणि त्याच्याच जोडीला, 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, शंभराच्या... आता पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप करून घ्या.' या दोन वाक्यांनी जितके नुकसान केले तितके वाईट भाडेकरूंनी केले नसेल.

अकरा महिन्यांचे मूळ नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे त्याने सक्तीचे केले, म्हणून लोक वर्षाच्या आत थांबले. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने चित्र बदलले. करार भाडेपट्ट्याचा असो वा लीव्ह अँड लायसन्सचा, पाच महिन्यांचा असो वा पस्तीस, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तो म्हणाला भाडे आठ हजारच ठरले होते, तर तसे नव्हते हे तुम्ही सिद्ध करत बसायचे.

याउलट राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या घराचा नोंदवलेला करार हातात असेल तर कलम २४ तुमच्या बाजूला उभे राहते. मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल तर दिवाणी न्यायालयाच्या वाऱ्या न करता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. करारातला मजकूर तिथे निर्णायक पुरावा असतो. समोरच्याला बचाव मांडायचा तर आधी तशी परवानगी मागावी लागते, आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. महिने जातात, मनस्ताप होतो, हे खरे. पण घर 'जात' नाही. मात्र वाट न पाहता कुलूप बदलणे, पाणी-वीज तोडणे असले उद्योग कुणी करू नयेत. हक्काची बाजू असलेला मालक त्या दिवसापासून आरोपी होतो.

या सगळ्याला खर्च किती? २० हजार भाडे, एक लाख अनामत, अकरा महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या वार्षिक १० टक्के धरलेल्या व्याजावर पाव टक्का, म्हणजे सहाशे रुपयांच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. अंगठ्याचे यंत्र घेऊन एजंट घरी येतो, त्याचे थोडे वेगळे. ९० लाखांची मालमत्ता परक्याच्या हाती देताना हे दोन-अडीच हजार वाचवणारे लोक मी पाहिले आहेत. तेच लोक मोबाइलला काच चिकटवायला पाचशे रुपये देतात.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी; ऑनलाइनही कळवता येते. सोसायटीलाही आधी कळवावे. कळवावे म्हटले, परवानगी मागावी असे नव्हे. २०१४ च्या आदर्श उपविधींत आगाऊ सूचना पुरेशी मानली आहे. आणि बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. काही कमिट्या भाड्याच्या दहा टक्के मागतात. आदेशाची प्रत पुढे करावी, आवाज चढवू नये. चिटणीस बहुधा ती प्रत पहिल्यांदाच पाहत असतो.

कमिटीचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकते. 'बॅचलर नको, एकट्या मुली नकोत, अमक्या आडनावाचे नकोत, मांस-मच्छी खाणारे नकोत.' ही यादी आमच्या पिढीने तयार केली आणि ती आपण संस्कृती म्हणून मिरवतो. माझ्या पाहण्यातल्या वेळेवर भाडे देणाऱ्यांत नोकरी करणाऱ्या एकट्या मुली पहिल्या आहेत. त्यांना घर मिळायला इतका त्रास झालेला असतो की मिळालेले घर त्या जपतात. आणि हेही आठवून पाहावे की आपल्याच घरातली नात बंगळूरला किंवा लंडनला घर शोधत असते, तेव्हा तिचे आडनाव तिथल्या मालकाला परकेच असते. भाडेकरू पारखायचा तर त्याची नोकरी, पगाराची चिठ्ठी, मागच्या मालकाचा दूरध्वनी यांवरून पारखावा. मागच्या मालकाला एकच प्रश्न विचारावा, 'पुन्हा द्याल का त्यांना घर?' उत्तरापेक्षा उत्तरापूर्वीची शांतता ऐकावी.

आता अनामत रकमेबद्दल, कारण इथे आपल्या सभ्यपणाचा कस लागतो. माझ्या भाचीने पुण्यात दोन वर्षे एका घरात काढली. भाडे एक दिवस चुकवले नाही. घर सोडताना मालकांनी साठ हजारांच्या अनामतीतून रंगाचे पंचवीस, साफसफाईचे पाच आणि 'झीज' म्हणून आणखी दहा हजार कापले. ती म्हणाली, "काका, भिंतीला तर एक खिळासुद्धा नाही मारला." काका देवपूजा आटोपून आले होते, कपाळाला गंध होते. म्हणाले, "रीतच आहे बेटा." अशी कुठलीही रीत नाही. दोन वर्षांत रंग उडतो तो राहण्याने. त्याचे मोल भाड्यात मिळालेले असते. फुटलेल्या बेसिनचे पैसे घ्यावेत, फिकट झालेल्या भिंतीचे घेऊ नयेत. पहिली नोकरी करणाऱ्या मुलीचे चाळीस हजार म्हणजे तिची चार-पाच महिन्यांची शिल्लक असते, आणि ती कोर्टात जाणार नाही हे काकांना ठाऊक असते.

बँकेच्या भाषेत अनामत ही तुमच्यावरची देणी आहे, उत्पन्न नव्हे. मुंबईत 'हेवी डिपॉझिट'चा प्रकार चालतो. दहा-पंधरा लाख एकदम घ्यायचे, भाडे नाममात्र. आमच्या शाखेत एक गृहस्थ कर्जासाठी आले होते. अशी अनामत घेऊन त्यांनी मुलीचे लग्न थाटात केले होते, आणि भाडेकरू घर सोडतो म्हणाला तेव्हा परत द्यायला पैसा नव्हता. भाडेकरू जायला तयार, पण मालकच त्याला जाऊ देईना! अनामत वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावी आणि पावतीवर पेन्सिलीने भाडेकरूचे नाव लिहून ठेवावे.

करारात काय असावे? नोटीस किती दिवसांची, भाडेवाढ किती, दुरुस्ती कोणी कुठवर करायची, अनामत किल्ली देताना त्याच दिवशी परत मिळणार की नंतर. एजंटाकडचा छापील मसुदा न वाचता सही करू नये. एका मसुद्यात मी 'घोड्यांचा तबेला करू नये' अशी अट तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला पाहिली आहे. सामानाची यादी जोडावी, विजेच्या मीटरचा आकडा लिहावा, प्रत्येक खोलीचे छायाचित्र दोघांकडे असावे. भाडे बँकेतूनच घ्यावे. रोख भाडे लपते असे वाटते. प्रत्यक्षात ते तुमचाच पुरावा लपवते. आणि लपवण्यासारखे फारसे नसतेही. मिळालेल्या भाड्यातून पालिकेचा भरलेला कर वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के कायदाच सोडतो. भाडे महिना ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के करकपात करायची असते, हा दर ऑक्टोबर २०२४ पासूनचा. पण घर परदेशी स्थायिक झालेल्या मुलाच्या नावावर असेल तर गोष्ट वेगळी: तिथे ५० हजारांची मर्यादा नाही आणि कपात ३० टक्क्यांच्या वर जाते. अमेरिकेतल्या मुलांच्या नावाने कोथरूडला घर घेणाऱ्या आई-वडिलांना हे सहसा नोटीस आल्यावर कळते.

खरेदीच्या कागदपत्रांबद्दल थोडक्यात. नवे बांधकाम असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पाहावा. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकार नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसलेले 'तयार' घर हे तयार घर नव्हे. जुन्या घरासाठी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का हे विचारावे. 'दरमहा हमखास परतावा' अशी जाहिरात दिसली की वर्तमानपत्राचे ते पान डब्याखाली घालायला घ्यावे. प्लॉटच्या सातबाऱ्यावर पंधरा नावे असतील तर चौदा जणांशी तुमची भेट अजून व्हायची आहे, एवढे समजावे.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती नवरे मंडळी टाळतात. घर कोणाच्या नावावर? महाराष्ट्रात केवळ महिलेच्या नावे राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, २०२१ पासून. ८० लाखांवर ८० हजार. ही सवलत ऐकून अचानक पत्नीचे नाव आठवणारे पुष्कळ भेटले. पण शुल्क वाचवण्यापुरते नाव घालायचे आणि भाडे आपल्या खात्यात घ्यायचे, याला काय म्हणावे? भाडे तिच्याच खात्यात जाऊ द्यावे. आयुष्यभर 'हातखर्चाला' पैसे मागितलेल्या बाईला स्वत:च्या पासबुकात महिन्याची ओळ उमटलेली पाहून काय वाटते, ते मी काउंटरच्या अलीकडून अनेकदा पाहिले आहे. ती पासबुक घेऊन घरी जात नाही, बाकावर बसून आधी वाचते.

आणि नामनिर्देशनाने घर मिळते, हा समज सोडून द्यावा. सोसायटीत ज्याचे नाव दिले तो विश्वस्तासारखा असतो. मालकी वारसा हक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार लाभार्थी नसावेत आणि शक्यतो आपल्याहून वयाने लहान असावेत. फ्लॅटचा क्रमांक, अनामत म्हणून घेतलेली रक्कम ज्या ठेवीत आहे तिचा क्रमांक आणि भाडेकरूची देणी हे सारे त्यात लिहावे, म्हणजे आपल्या माघारी ते पैसे मुले वाटून घेणार नाहीत.